मे महिन्यात रीफ टँक ३० अंशांखाली येत नाही: कोकणातल्या दमट हवेतले उपाय

तक्रार दरवर्षी तीच. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये पूर्वेचे कोरडे वारे सुटतात, रत्नागिरीत पारा ३७-३८ पर्यंत चढतो, तरी रीफ टँक, म्हणजे घरातला प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, २६-२७ वर निवांत असतो. मग मे येतो. बाहेर जेमतेम ३३, पंखा तोच, दिवे तेच, आणि पाणी ३० च्या वर जाऊन बसतं. दुसरा पंखा लावतात, तिसरा लावतात, फरक पडत नाही. पंखा बिघडलेला नसतो. हवा बदललेली असते.

पंखा पाणी गार करत नाही, बाष्पीभवन करतं. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ६७५ वॅट-तास उष्णता घेऊन जातं. पंप आणि दिवे टँकमध्ये जेवढी उष्णता ओततात, तेवढी बाहेर नेण्याइतकं बाष्पीभवन सुरू होईपर्यंत पाणी तापत राहतं. कोरड्या हवेत ती पातळी २५ ला गाठली जाते, दमट हवेत ३० ला. म्हणून पुण्या-सोलापूरकडच्या रीफवाल्यांनी सांगितलेला ‘दोन पंखे लाव, चार अंश उतरतील’ हा सल्ला त्यांच्या हवेत खरा असतो आणि दापोली-मालवणात मेमध्ये फसतो.

या पातळीला एक तळ असतो, आणि तो घरीच मोजता येतो.

ओल्या कापडाचं माप

कंट्रोलरचा (तापमान बघून उपकरणं चालू-बंद करणाऱ्या डब्याचा) किंवा डिजिटल थर्मामीटरचा प्रोब, म्हणजे तारेच्या टोकाचा सेन्सर, पाण्यातून काढून पुसा आणि टँकशेजारी पाच मिनिटं लटकत ठेवा. हे झालं सुकं माप. मग जुन्या सुती धोतराची किंवा मलमलीची पट्टी खोलीत ठेवलेल्या आरओ पाण्यात भिजवून प्रोबच्या टोकाला एक वेढा गुंडाळा आणि टेबलफॅनच्या झोतात धरा. आकडा उतरत जाईल आणि पाच-सात मिनिटांत एका जागी थांबेल. तो थांबलेला आकडा म्हणजे ओलं माप. पंखे कितीही लावा, पाणी याच्या खाली जाणार नाही. प्रत्यक्षात चांगला लावलेला पंखासुद्धा पाण्याला या मापाच्या दीड-दोन अंश वरच आणून सोडतो. टँकमधला आणि हवेतला आकडा एकाच प्रोबने घ्यायचा, म्हणजे प्रोबची स्वतःची चूक दोन्हीकडे सारखीच राहते.

आकडे पाहिले की कोडं सुटतं. हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओलं माप साधारण २१.५ येतं. हवा ३३ आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर २८.४. कोकणातला मे हा दुसऱ्या आकड्याचा महिना आहे. २८.४ मध्ये दोन मिळवा, ३०.४ झाले. टँकवर दिसतो तो हाच आकडा.

हे माप दुपारी तीनला आणि रात्री अकराला, दारं-खिडक्या नेहमी असतात तशाच ठेवून घ्या. दुपारी समुद्राकडून खारे वारे दमट हवा आणतात. रात्री जमिनीकडून मतलई वारे येतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ते बरेच कोरडे असतात. त्या महिन्यांत रात्री पूर्वेची खिडकी उघडी ठेवली आणि पंखा रात्रीच चालवला, तर बऱ्याच टँकना दुसरं काही लागत नाही. बंद खोलीत मात्र टँकमधून उडालेलं पाणी खोलीतच राहतं आणि ओलं माप चढत जातं. पंखा आहे पण एक्झॉस्ट नाही, अशा खोल्यांत हे फार दिसतं.

आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी

काचेवर चिकटवायची पट्टी सोडून द्या, ती काच आणि खोली यांच्या मधलं काहीतरी दाखवते. प्रोब तपासायला ग्लासात बर्फाचा चुरा घट्ट भरा, त्यात पोकळ्या बुजतील एवढंच पाणी घाला, ढवळा आणि तीन मिनिटं थांबा. शून्य यायला हवा. एसटीसी-१००० सारख्या कंट्रोलरमध्ये जो फरक येईल तो एफ४ या सेटिंगमध्ये दुरुस्त करता येतो. बर्फाला बरोबर आणि ३७ ला चूक असेही प्रोब निघतात, म्हणून कोमट पाण्यात ताप मोजायच्या थर्मामीटरशीही एकदा ताडून बघा. प्रोब हीटरपासून आणि चिलरच्या (पाणी गार करणाऱ्या यंत्राच्या) परतीच्या नळीपासून लांब, संपमध्ये (टँकखालच्या जोडटाकीत) वाहत्या पाण्यात हवा.

मग दोन दिवस सकाळी सहा, दुपारी तीन, संध्याकाळी सात आणि रात्री अकराला पाण्याचं तापमान लिहा. दुपारी चारच्या आसपास शिखर येत असेल तर दोष खोलीचा: पश्चिमेची भिंत, खिडकीतलं ऊन, वरचा स्लॅब. दिवे बंद व्हायच्या सुमाराला शिखर येत असेल तर दिव्यांचा. दिवसरात्र एकच चढा आकडा असेल तर पंपांची उष्णता आणि दमट हवा, किंवा अडकलेला हीटर. तासा-दोन तासांनी करवतीसारखा वरखाली होत असेल तर हीटर आणि चिलर एकमेकांशी भांडताहेत.

टँकमध्ये उष्णता येते कुठून

२०० लिटरच्या टँकचा हिशेब मांडू. रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टँकमध्ये पाठवणारा) ३५ वॅट, दोन वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारे पंप) मिळून २०, स्किमरचा (फेसातून मळ काढणाऱ्या यंत्राचा) पंप २०, यूव्ही (जंतू मारणारा दिवा) ११. झाले ८६ वॅट, आणि हे सगळं पाण्यात बुडालेलं असल्याने जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन पाण्यातच उतरते. ९० वॅटचे एलईडी दिवे दहा तास लागतात. त्यांची बरीच उष्णता वरच्या ॲल्युमिनियममधून हवेत जाते, पण चाळीसेक वॅट पाण्याच्या वाट्याला येतात. दिवसभराची सरासरी काढली तर शंभरेक वॅट. एवढ्या उष्णतेने, ती बाहेर गेलीच नाही तर, २०० लिटर पाणी दर सव्वादोन-अडीच तासांना एक अंश चढेल. ती निव्वळ बाष्पीभवनाने काढायची तर रोज साडेतीन लिटरच्या वर पाणी उडायला हवं.

इथे हात घालणं सगळ्यात स्वस्त पडतं. जुना एसी (अल्टरनेटिंग करंटवर चालणारा) रिटर्न पंप काढून तेवढ्याच प्रवाहाचा डीसी पंप लावला तर १५-२० वॅट वाचतात, तेही चोवीस तास. यूव्ही रोग नसताना उन्हाळाभर बंद ठेवता येतो. वेव्हमेकर मात्र कमी करू नका, तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

दिव्यांच्या वेळेबद्दल ‘संध्याकाळी लावा’ असा सरसकट सल्ला मिळतो. तो कौलारू घराला लागू पडतो, कारण कौलं सूर्य मावळल्यावर लवकर निवतात. स्लॅबच्या वरच्या मजल्यावर उलटं आहे. स्लॅब दिवसभर प्यायलेलं ऊन रात्री दहा-अकरापर्यंत खोलीत सोडत असतो, आणि त्याच वेळी दिवे लावले तर दोन्ही उष्णता एकत्र येतात. अशा घरात दिवे पहाटे पाच ते दुपारी एक ठेवा. वेळ बदलताना रोज अर्धा तास सरकवा. जागा निवडणं हातात असेल तर टँक पडवीत किंवा ओटीवर नको, चिऱ्याच्या भिंतींच्या आतल्या माजघरात हवा. माजघर दुपारीही बाहेरच्यापेक्षा गार असतं आणि दिवसभरात तिथलं तापमान फारसं हलत नाही.

पंखा कसा, आणि कधी बंद करायचा

१२ व्होल्टचा १२० मिलिमीटरचा पंखा संपवर ३०-४५ अंशांच्या कोनात लावा, झोत पाण्यावर तिरका घासून जाईल असा. कॅबिनेटला दोन्ही बाजूंनी तोंडं हवीत, एकीकडून हवा आत आणि दुसरीकडून बाहेर. मागची फळी बंद असेल तर पंखा तीच ओली हवा घुसळत राहतो. टँकवरची काच काढून बारीक नायलॉनची जाळी ताणा, मासे उडी मारत नाहीत आणि वाफ अडत नाही. मिठाने या पंख्यांच्या बेअरिंगा लवकर खराब होतात. आवाज बदलला की पंखा बदला, तेल घालत बसू नका.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. चिलरने पाणी २६.५ ला आणलेलं असतं, खोलीतलं ओलं माप २८.४ असतं, आणि ‘चिलरला मदत’ म्हणून पंखा चालूच असतो. हा पंखा पाणी तापवतो. पाणी ओल्या मापापेक्षा गार असलं की वारा त्याच्यात उष्णता सोडून जातो, आणि पाणी फारच गार असेल तर हवेतली वाफसुद्धा पाण्यावर निवते आणि आपली उष्णता पाण्याला देते. चिलर बंदच होत नाही अशा कित्येक तक्रारींचं मूळ हेच असतं. तेव्हा नियम असा: पाणी ओल्या मापाच्या तीन किंवा जास्त अंश वर असेल तर पंख्याला अजून वाव आहे, तो वाढवा. फरक दीड-दोन अंशांचा असेल तर पंख्याने करायचं ते केलेलं आहे, आणखी पंखे आणू नका. पाणी ओल्या मापाच्या खाली ठेवायचं असेल तर पंख्याचा प्लग काढा आणि जाळीऐवजी काचेचं झाकण परत ठेवा. वायू येण्या-जाण्यासाठी कडेला दोन बोटांची फट पुरते, शिवाय स्किमर चालू असतोच.

झाकण ठेवून चिलर चालू असताना टॉप-अपच्या (उडालेल्या पाण्याची आपोआप भरपाई करणाऱ्या) डब्यातलं पाणी जवळजवळ उतरत नाही, ते ठीकच आहे. फ्लोट (पाण्याची पातळी जोखणारा तरंगता स्विच) अडकला असं समजून तो हलवायला जाऊ नका. उलट पंख्यावर चालणाऱ्या टँकमध्ये टॉप-अप चुकला तर खारटपणा पटकन चढतो. २०० लिटरमधून ५ लिटर पाणी उडालं की दर हजारी ३५ चा खारटपणा ३५.९ होतो. भरपाई आरओ पाण्यानेच करायची, समुद्राच्या पाण्याने कधीच नाही.

किती तापमान ठेवायचं

पुस्तकातलं २५ कोकणात मेमध्ये धरू नका. मार्च ते जून २६.५ ते २७ ठेवा आणि दिवसभरातला चढउतार एका अंशाच्या आत ठेवा. स्थिर २७ हे २५ आणि २९ यांच्यातल्या रोजच्या झोक्यापेक्षा प्रवाळांना कितीतरी सोसतं. दुसरं कारण काचेवरच दिसतं. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला दव पडायचं तापमान २६.८ असतं. पाणी २५ ला ठेवलं की टँकच्या बाहेरच्या काचेला घाम फुटतो, थेंब ओघळून कॅबिनेटच्या प्लायवर जातात, कडा फुगतात, स्विचबोर्डावर ओल येते. घाम फुटला की सेटिंग अर्धा अंश वर घ्या, हाच सोपा इशारा समजा.

समुद्राचं पाणीही मेमध्ये तापतंच, मग टँकला काय होतं, असं विचारलं जातं. समुद्रात ते महिनोन्‌महिने हळूहळू चढतं आणि प्राणवायू लाटांतून येत राहतो. तिथेही मर्यादा आहेच. एखाद्या जागेच्या नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा एक अंश जास्त असं चारेक आठवडे राहिलं की ब्लीचिंगची शक्यता धरतात. प्रवाळाच्या पेशींतली सूक्ष्म शैवाळं बाहेर टाकली जातात, रंग जातो, आणि अन्नाचा मुख्य पुरवठा तुटतो.

चिलर आहे, तरी पाणी उतरत नाही

पहिली तपासणी चिलर आत घेतो त्या हवेची. जाळीपाशी थर्मामीटर धरा. खोलीपेक्षा तीन अंश जास्त आला तर चिलर स्वतःचीच गरम हवा परत ओढतोय. कॅबिनेटच्या आत ठेवलेल्या प्रत्येक चिलरचं हेच होतं. पाण्यातून काढलेली उष्णता अधिक कंप्रेसरने खाल्लेली वीज, दोन्ही तो खोलीत ओततो. म्हणून तो बाहेर काढा, चारी बाजूंना किमान एक फूट मोकळं ठेवा. शक्य असेल तर गॅलरीत न्या, पण पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून असतो हे लक्षात घेऊन आडोसा करा. नळ्या दोन मीटरच्या आत ठेवा आणि त्यांवर एसीवाले वापरतात तो काळा फोम चढवा.

मग कंडेन्सरची, म्हणजे चिलरची उष्णता बाहेर सोडणाऱ्या भागाची, जाळी. किनाऱ्यावर तिच्यावर धूळ आणि मीठ मिळून चिकट थर बसतो. वीज काढून मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने झाडा, मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी. पाती वाकली तर हवा अडते, म्हणून आडवा ब्रश मारायचा नाही.

त्यानंतर प्रवाह. चिलरच्या माहितीपुस्तकात ताशी किती लिटर लागतात ते दिलेलं असतं. परतीची नळी बादलीत सोडून एक मिनिट मोजा आणि ६० ने गुणा. कमी भरलं तर आधी पंपाची जाळी साफ करा, मग चिलरमधून पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून अर्धा तास फिरवा, आणि साध्या पाण्याने दोनदा धुऊन मग टँकला जोडा.

चिलर गुणगुणतो, ‘टक’ करतो आणि सुरूच होत नाही, असं असेल तर व्होल्टेज बघा. मेच्या संध्याकाळी गावात दाब १८० च्या खाली गेला की कंप्रेसर उचलत नाही आणि ओव्हरलोड स्विच वीज तोडतो. फ्रिजसाठी मिळणारा स्टॅबिलायझर लावा. वळवाच्या पावसात वीज जाते-येते, तेव्हा पुन्हा सुरू होण्याआधी पाच मिनिटांचा उसंत वेळ हवा. एसटीसी-१००० मध्ये तो एफ३. त्याच कंट्रोलरमध्ये एफ१ ला २६.५ आणि एफ२ ला ०.५ दिलं की गार करणं २७ ला सुरू होतं आणि २६.५ ला थांबतं. चिलरला स्वतःचा कंट्रोलर असेल तर त्याच्यावर दुसरा लादू नका.

हे सगळं ठीक असूनही चिलर दिवसभर चालतो म्हणजे तो लहान आहे. वरच्या २०० लिटरच्या टँकला शंभर वॅट आतले, आणि ३३ च्या खोलीतून काचेतून व पृष्ठभागातून येणारे आणखी शंभरेक धरा. गार करण्याची क्षमता ३०० वॅटच्या वर हवी, म्हणजे तो निम्मा ते दोन तृतीयांश वेळच चालेल. विकत घेताना अश्वशक्ती नको, गार करण्याचे वॅट विचारा.

चिलरऐवजी एसी

खोली लहान आणि दारं बंद होणारी असतील तर हा पर्याय आम्हाला जास्त पटतो. एसी २८ ला ठेवला आणि आर्द्रता ५५ टक्क्यांवर आली की ओलं माप २१.५ पर्यंत उतरतं. मग तोच १२ व्होल्टचा पंखा पाण्याला सहज २५-२६ ला आणतो. एसीने इथे खोली फार गार करायची नाही, कोरडी करायची आहे. काचेला घाम येत नाही, आणि उष्णता थेट घराबाहेर जाते. अडचण एकच, एसी रात्री चालवून दिवसा बंद ठेवला तर रोजचा झोका सुरू होतो. तेव्हा दुपारी बारा ते रात्री दहा तो चालवणं परवडत असेल तरच हा मार्ग धरा.

हीटर

फेब्रुवारीच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत हीटरचा प्लगच काढून ठेवा. आतला संपर्क चिकटून हीटर चालूच राहणं हा रीफ टँक उकडण्याचा जुना मार्ग आहे, आणि मेमध्ये तो कळतही नाही, कारण दोष हवेला दिला जातो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १८-२० ला जातो तेव्हा २५ वर लावा, चिलर किंवा पंख्याच्या सुरू होण्याच्या आकड्यापेक्षा किमान दीड अंश खाली. बाहेरच्या कंट्रोलरमधून चालवला तर दोन स्विच एकदम अडकण्याची शक्यता कमी. सगळ्या तारांना सॉकेटच्या खाली एक झोळ हवा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये शिरत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग नसेल तर वरचं सगळं नंतर, आधी वायरमनला बोलवा.

पाणी ३१ ला गेलंय, आत्ता काय

दिवे बंद करा. हवेचा दगड (एअर पंपाच्या नळीच्या टोकाचा सच्छिद्र दगड) टाका, स्किमर पूर्ण चालू ठेवा. झोआंथस मिटलेले असणं, मशरूम आक्रसणं (दोन्ही प्रवाळांचे नातलग) आणि मासे पृष्ठभागाशी भराभर कल्ले हलवणं, यांतलं शेवटचं आधी सांभाळायचं असतं. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे ६.७ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० ला ६.२ च्या आसपास, आणि तापमानाबरोबर माशांची गरज मात्र वाढते.

मग एक लिटरच्या बाटल्या आरओ पाण्याने नऊ-दशांश भरून गोठवलेल्या असतील त्या बाहेरून धुऊन संपमध्ये सोडा. २०० लिटरला एक अंश उतरवायला दोन बाटल्या लागतात, शिवाय पंपांची उष्णता चालूच असते, म्हणून प्रत्यक्षात तीन धरा. दोन तासांत एक अंशापेक्षा जास्त उतरवू नका. मासळी बाजारातला सुटा बर्फ टाकू नका. तो कुठल्या पाण्याचा आहे हे कळत नाही, त्यावर माशांचा मळ असतो, आणि वितळून खारटपणा पाडतो तो वेगळाच.

वीज गेलेली असेल तर घाबरून बर्फ घालू नका. पंप बंद म्हणजे उष्णताही बंद, तापमान हळू चढतं. बॅटरीचा एअर पंप आधी लावा. घरच्या इन्व्हर्टरवर वेव्हमेकर आणि एअर पंप ठेवा, चिलर नाही.

तापमान उतरल्यावर दोन दिवस खाणं निम्मं करा आणि अमोनिया तपासा, कारण आत मेलेल्या गोगलगायी-किड्यांनी तो चढतो. फिकट पडलेलं प्रवाळ लगेच काढून टाकू नका. मांस शिल्लक असेल तर प्रकाश निम्म्याने कमी ठेवून महिना-दीड महिना वाट बघा. आणि गेलेल्या प्रवाळाच्या जागी मालवणच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही खडकावरून जिवंत प्रवाळ आणणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. मालवणचा तो समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि तिथलं प्रवाळही याच उष्णतेशी झगडतंय.